वाचकांचे प्रश्न : डोळे उघडे आहेत, पण कळतंय का?

मेंदूला मार लागलेला माणूस अतिदक्षता विभागात पडून असतो, तेव्हा त्याला शुद्ध आहे की नाही हे ठरवतात कसं, यावर मागच्या अंकात थोडक्यात लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेक घरच्यांची आहेत, आणि काही तर आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसून लिहिलेली. चोवीस वर्षं मी न्यूरो आयसीयूत काम करते आहे, तो बाकडा मला रोज दिसतो. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सहा पत्रं घेतली आहेत. आधी पत्र, त्याखाली माझं उत्तर. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे.

आमच्या ह्यांना अपघात होऊन आज एकोणीस दिवस झाले. डोक्याला मार आहे. डोळे उघडतात, पण बोलत नाहीत, गळ्यातून श्वासाची नळी घातली आहे. मी हात हातात घेतला की ते घट्ट दाबतात. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, ‘तो रिफ्लेक्स आहे, त्यावर जाऊ नका.’ फाइलवर जीसीएस लिहितात, डोळे ४, हातपाय ३, मधे इंग्रजी टी. मला एवढंच सांगा, ह्यांना कळतंय का?

ताई, इथे बसून मी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकत नाही, आणि दुसरं कुणी नुसत्या पत्रावरून म्हणालं तर मानू नका. पण हे उत्तर कसं शोधायचं ते नक्की सांगते.

आपण ‘शुद्ध’ हा एकच शब्द वापरतो. आयसीयूत तिचे दोन भाग करावे लागतात, जाग आणि भान. जाग म्हणजे डोळे उघडणं, झोपणं, पुन्हा उठणं. ती मेंदूच्या देठातून चालते, हे मोरुझ्झी आणि मॅगून या दोघांनी १९४९ साली दाखवून दिलं. भान म्हणजे मी इथे आहे, समोर कुणीतरी आहे, ती मला काही सांगते आहे, हे उमगणं. त्याला देठ लागतोच, शिवाय वरचा मेंदू लागतो आणि दोघांना जोडणारा थॅलॅमस लागतो. देठ सावरला की डोळे उघडतात. घरचे म्हणतात, शुद्धीवर आले! पण वरच्या मेंदूचं काय झालंय ते उघड्या डोळ्यांवरून समजत नाही. जाग आहे आणि भानाची एकही खूण नाही, या अवस्थेला जेनेट आणि प्लम यांनी १९७२ साली ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’ असं नाव दिलं. आपल्या माणसाला झाडाझुडपाच्या पंगतीत बसवणारं हे नाव मला कधीच आवडलं नाही. २०१० साली ‘प्रतिसाद नसलेली जाग’ अशा अर्थाचं दुसरं नाव सुचवलं गेलं, ते मी वापरते. आणि भान आहे, पण थोडं, कधी असतं कधी नसतं, अशीही एक अवस्था आहे. ‘मिनिमली कॉन्शस स्टेट’. तिची व्याख्या २००२ सालची, म्हणजे मी शिकत होते तेव्हा ती पुस्तकात नव्हती. तुमचा सगळा प्रश्न या दोन अवस्थांच्या मधला आहे.

आता हाताचं बघू. मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागला की तळहाताला काही लागताच बोटं आपसूक मिटतात. तान्ह्या बाळाच्या मुठीत बोट दिलं की ते धरून ठेवतं, तसंच. त्यामुळे तुमचे डॉक्टर म्हणतात ते शक्य आहे. पण शक्य असणं वेगळं आणि तपासून ठरवणं वेगळं. तपासायचं तर हातात हात देऊन ‘दाबा’ म्हणायचंच नाही. हात धरलेला असताना ‘सोडा’ म्हणायचं. रिफ्लेक्सने मिटलेली मूठ सांगितल्यावर सुटत नाही. किंवा तळहाताला अजिबात न लागता ‘अंगठा वर करा’ म्हणायचं. त्याआधी मिनिटभर नुसतं बघायचं, काही न सांगता हात किती आणि कसा हलतो ते. मग एकदाच, स्पष्ट सांगायचं. आणि दहा सेकंद गप्प राहायचं.

हे दहा सेकंद फार अवघड असतात. राउंडला आम्ही पाचजण उभे असतो, पुढच्या बेडचा मॉनिटर वाजत असतो, आणि तोंडातून ‘अंगठा वर करा’ निघाल्यावर दोन सेकंदांत आम्ही पुन्हा ओरडतो, ‘करा! करा!’ जखमी मेंदू पहिलं वाक्य ऐकून, समजून, अंगठ्यापर्यंत पोचवायच्या वाटेवर असतो, तोवर दुसरं वाक्य त्याच्यावर आदळतं. म्हणून मी आता मनात दहा अंक मोजते. चार वेळा विचारायचं, दर वेळी थांबायचं. चारात तीनदा बरोबर जमलं तर योगायोग म्हणून सोडून देत नाहीत.

जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. टीसडेल आणि जेनेट यांनी ती १९७४ साली तयार केली. डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हातापायांना ६, सगळे मिळून १५. अगदी कमीत कमी ३. नळी असल्यामुळे बोलणं तपासता येत नाही, म्हणून तिथे टी. तुमच्या ह्यांचे डोळे ४ म्हणजे ते आपणहून उघडतात. हातपाय ३ म्हणजे दुखवल्यावर हात विचित्र पद्धतीने आत वळतो, सांगितलेलं ऐकत नाही. ही मोजणी फार उपयोगाची आहे, पण ती मुख्यतः दुसऱ्या कामाची. रात्री दोन वाजता आकडा १३ वरून ११ वर आला तर आत रक्त साचतंय का हे बघायला धावायचं, हे तिचं काम. डोळ्यांना ४ पैकी ४ मिळवून माणूस भानाशिवाय असू शकतो. आणि हातापायांना ३ मिळवून भानावरही असू शकतो.

दुसरं मी कशावरून म्हणते? आमच्याकडे काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ होते. पन्नाशीचे, डोक्याला मार, तुमच्या ह्यांच्यासारखेच डोळे उघडे. नऊ दिवस मी त्यांच्या केसपेपरवर सकाळी ‘सांगितलेलं ऐकत नाही’ असं लिहिलं. दहाव्या दिवशी दाढी करणारे आमचे वॉर्डातले मामा माझ्याकडे आले. हनुवटीखालची बाजू दिसावी म्हणून ते छोटा आरसा धरतात. म्हणाले, ‘मॅडम, आरसा इकडे नेला की ह्यांचे डोळे इकडे येतात.’ मी म्हणाले, ‘मामा, या पेशंटचे डोळे असेच फिरतात.’ आणि पुढच्या बेडकडे गेले. दोन दिवसांनी मामा पुन्हा आले. त्या वेळी त्यांनी काही सांगितलं नाही, नुसता आरसा माझ्या हातात दिला. मी तो त्या गृहस्थांच्या चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर धरला आणि हळूहळू डावीकडे नेला. डोळे आले. न अडखळता, आरशाच्या कडेपर्यंत. उजवीकडे नेला, डोळे उजवीकडे आले. खाली नेला, खाली आले.

त्या क्षणाचं मी वर्णन करत नाही. मला त्या दोन दिवसांचं आजही वाईट वाटतं, कारण त्या दोन दिवसांत त्यांच्या उशाशी उभं राहून आम्ही काय काय बोललो ते मला आठवतं.

नजरेने माग घेणं ही भान परतत असल्याची बहुतेक वेळा सगळ्यांत आधी दिसणारी खूण आहे. ती तपासायला बोट, पेन, टॉर्च यांपेक्षा आरसा सरस, कारण स्वतःचा चेहरा मेंदूला जास्त ओढून घेतो. हे २००८ साली अभ्यासाने दाखवलं होतं. मामांनी तो वाचला नव्हता. मी वाचला होता.

म्हणून ताई, तुम्ही डॉक्टरांना एक नेमका प्रश्न विचारा, ‘सीआरएस-आर केली आहे का, आणि किती वेळा?’ ही कोमा रिकव्हरी स्केल, २००४ साली सुधारलेली. सहा भाग, २३ गुण. ऐकणं, बघणं, हालचाल, तोंड आणि आवाज, संवाद, जाग. तिच्यात आरसा आहे, नाव घेऊन हाक मारणं आहे, थांबायचे ते दहा सेकंदही आहेत. पेंगुळलेला असेल तर चेहऱ्यापासून पायापर्यंत स्नायू दाबून आधी जागं करायचं, हेही तिच्यात आहे. अर्धा तास लागतो. २००९ साली बेल्जियममधल्या अभ्यासात, ज्या ४४ रुग्णांना अनुभवी पथकाने एकमताने ‘भान नाही’ असं ठरवलं होतं, त्यांतल्या १८ जणांत या तपासणीने भानाच्या खुणा सापडल्या. एकदा करून भागत नाही. भान विझत-पेटत असतं. दोन आठवड्यांत निदान पाचदा करावी, असं २०१७ सालच्या कामातून पुढे आलं आहे. सकाळी एकदा, दुपारी एकदा, झोपवून एकदा, खुर्चीत बसवून एकदा.

आणि एकोणीस दिवस हा काळ अपघाताच्या माराला फार नाही. अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन आठवड्यांनंतर भानाची खूण नसलेल्या आणि पुढे जगलेल्या ७९ जणांपैकी ६२ जणांना वर्षाच्या आत भान आलं. हा आकडा मी तुम्हाला धीर द्यायला सांगते आहे, पण अर्धवट सांगणार नाही. आपण कुठे आहोत, काय झालं, हे सांगण्याइतके सावरलेले साधारण चारात एक होते. आमचे ते गृहस्थ महिन्याभराने अंगठा दाखवू लागले, पुढे थोडं बोलूही लागले. कामावर गेले नाहीत.

मॅडम, मी न्यूरो आयसीयूत नवीनच स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे दर तासाला जीसीएस लिहायचा असतो. नळीवरच्या पेशंटला कसा लिहू? आणि प्रतिसाद बघण्यासाठी पेशंटला दुखवताना मला फार त्रास होतो, काही पेशंटच्या छातीवर काळेनिळे डाग पडले आहेत.

तुम्हाला त्रास होतो हे चांगलं आहे. तो कमी होऊ देऊ नका.

आधी डागांचं. छातीच्या हाडावर मुठीने रगडणं सोडून द्या. नखाच्या मुळाशी पेन आडवं ठेवून दाबा, हळूहळू जोर वाढवत, प्रतिसाद आला की लगेच सोडा. दर तासाला त्याच बोटावर नको. आणि दुखवणं ही शेवटची पायरी आहे. आधी बघा, मग साध्या आवाजात नाव घ्या, मग मोठ्याने, मग खांद्याला हात लावा. यातल्या एखाद्या पायरीवर प्रतिसाद आला तर पुढे जायची गरजच नाही. मला नव्या मुलांत उलटं दिसतं, बेडपाशी जाताच पेन बाहेर.

नळीवरच्या पेशंटसाठी ‘फोर स्कोअर’ शिकून घ्या. वाइडिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेयो क्लिनिकमध्ये केलेला, २००५ सालचा. डोळे, हालचाल, मेंदूच्या देठाचे रिफ्लेक्स, श्वास, प्रत्येकी ४, एकूण १६. त्यात बोलणं नाहीच, त्यामुळे टी लिहायचा प्रश्न येत नाही. हाताने अंगठा, मूठ किंवा दोन बोटांची खूण करून दाखवायला सांगतात. आणि डोळ्यांना पूर्ण गुण हवे असतील तर नुसते उघडून चालत नाही, माग घ्यावा लागतो किंवा सांगितल्यावर पापण्या मिटाव्या लागतात.

ही शेवटची ओळ नीट वाचा. मेंदूच्या देठाच्या मधल्या भागात, पॉन्समध्ये, पुढच्या बाजूला रक्तपुरवठा बंद पडला तर माणसाचे हात, पाय, चेहरा, जीभ, सगळं बंद होतं. भान मात्र शाबूत. त्याला ‘लॉक्ड-इन’ म्हणतात, प्लम आणि पोझनर यांनी १९६६ साली दिलेलं नाव. अशा माणसाचे डोळे आडवेही फिरत नाहीत. फक्त वर-खाली फिरतात आणि पापण्या मिटतात. त्याला तुम्ही दिवसभर ‘हात दाबा, पाय हलवा’ म्हणत राहिलात तर तो दिवसभर ऐकत राहील आणि तुम्ही दिवसभर ‘नो रिस्पॉन्स’ लिहाल. म्हणून प्रत्येक पेशंटला, अगदी प्रत्येकाला, एकदा म्हणायचं, ‘वर बघा.’ मग, ‘खाली बघा.’ माझ्या हाताखाली शिकणाऱ्या कुणीही हे विसरलेलं मी चालवून घेत नाही.

आणि ‘नो रिस्पॉन्स’ हे दोन शब्द लिहिणंच बंद करा. काय विचारलं, काय दिसलं, आणि त्या वेळी सिडेशन, म्हणजे गुंगीचं औषध, किती चालू होतं, हे लिहा. ‘अंगठा वर करायला चारदा सांगितलं, एकदाही नाही. नजर आवाजाकडे वळली. मिडॅझोलॅम दोन तासांपूर्वी बंद.’ एवढी ओळ असली की पुढच्या ड्युटीच्या माणसाला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

मी इंजिनिअर आहे. माझ्या भावाच्या बाबतीत आम्ही सगळे थकलो आहोत. एखादं असं मशीन नाही का, ज्यात घातलं की आत भान आहे की नाही हे सरळ दिसेल?

तसं मशीन नाही. जवळपास जाणाऱ्या दोन-तीन पद्धती मात्र आहेत, आणि त्यांनी आमची झोप उडवली हे खरं.

२००६ साली ॲड्रियन ओवेन यांच्या पथकाने एका तेवीस वर्षांच्या तरुणीला एमआरआयमध्ये ठेवून सांगितलं, ‘तुम्ही टेनिस खेळताय अशी कल्पना करा.’ अपघाताला पाच महिने झाले होते, सगळ्या तपासण्यांनुसार भान नव्हतं. तिच्या मेंदूतला हालचालींची आखणी करणारा भाग चमकला, निरोगी माणसाचा चमकतो तसाच. ‘घरातल्या खोल्यांतून फिरताय अशी कल्पना करा’ म्हटल्यावर दुसरे भाग चमकले. म्हणजे ती ऐकत होती, समजत होती, आणि सांगितलेलं करत होती. फक्त शरीर हलत नव्हतं. २०१० साली अशाच पद्धतीने ५४ रुग्ण तपासले, पाचजणांना जमलं. त्यांतल्या एकाने टेनिस म्हणजे हो आणि घर म्हणजे नाही असं ठरवून प्रश्नांची उत्तरंही दिली.

नळ्या, पंप आणि व्हेंटिलेटरसकट पेशंटला एमआरआयपर्यंत नेणं किती जिकिरीचं असतं ते तुमच्या लक्षात येईल. म्हणून ईईजी, म्हणजे डोक्यावर तारा लावून मेंदूचा आलेख. तो बेडपाशीच होतो. २०१९ साली न्यूयॉर्कमध्ये यान क्लासेन यांच्या पथकाने आयसीयूतल्याच १०४ रुग्णांना ‘उजवी मूठ उघडा-मिटा’, ‘थांबा’ असं पुन्हा पुन्हा सांगितलं आणि आलेख कॉम्प्युटरकडून तपासून घेतला. हात कुणाचाच हलत नव्हता. १६ जणांच्या आलेखात मात्र ‘उघडा-मिटा’ आणि ‘थांबा’ यांतला फरक दिसला. वर्षानंतर पाहिलं तर या गटातले जास्त जण सावरले होते. २०२४ साली सहा केंद्रांनी मिळून केलेल्या कामात, सांगितलेलं वरून काहीच न करणाऱ्या २४१ जणांपैकी ६०, म्हणजे चारात एक, आतून करत होते. याला आता ‘कॉग्निटिव्ह मोटर डिसोसिएशन’ म्हणतात. समज आहे, हालचालीशी तिची गाठ तुटली आहे.

तुम्ही इंजिनिअर आहात म्हणून त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मुद्दाम देते. जे ११२ जण सांगितलेलं उघडपणे करत होते, अंगठा दाखवत होते, त्यांना याच यंत्रांखाली घातलं. यंत्राने ओळखले ते फक्त ४३. निम्म्याहून जास्त जागत्या माणसांना यंत्राने पकडलंच नाही. कुणी झोपलं असेल, कुणी कंटाळलं असेल, कुणाला दोन मिनिटं टेनिसची कल्पना धरून ठेवणं झेपलं नसेल. तेव्हा यंत्र ‘आहे’ म्हणालं तर ते मोलाचं आहे. ‘दिसलं नाही’ म्हणालं तर त्याचा अर्थ तेवढाच, की दिसलं नाही. त्यावरून निर्णय घेऊ नका. ही तपासणी फार थोड्या ठिकाणी होते. आरसा सगळीकडे मिळतो, आणि तो नीट वापरला जात नाही हे माझं जास्त मोठं दुखणं आहे.

एक साधा ईईजी मात्र तुम्ही आवर्जून मागा. कधी कधी मेंदूत आतल्या आत फिट चालू असते, अंग झटके देत नाही, आणि माणूस भान नसल्यासारखा पडून राहतो. ती औषधाने थांबवता येते.

व्हेंटिलेटरवर ठेवलंय म्हणजे ब्रेन डेथच ना? मग ‘वाट बघा’ का म्हणतात?

नाही. व्हेंटिलेटर हा श्वासाचा आधार आहे, निदान नव्हे. ब्रेन डेथमध्ये मेंदूच्या देठासकट सगळं थांबलेलं असतं आणि ते परत येत नाही. बाहुल्यांवर प्रकाश टाकला तर आकसत नाहीत, डोळ्याच्या बुबुळाला कापूस लावला तर पापणी हलत नाही, नळीतून सक्शन केलं तर खोकला नाही, आणि व्हेंटिलेटरचे श्वास थांबवून रक्तात कार्बन डायऑक्साइड ठरल्या पातळीपर्यंत वाढू दिला तरी एकही श्वास येत नाही. कोमातला माणूस यातलं काही ना काही करतो. दोन्हींना ‘मेंदू गेला’ असं एकच म्हणू नका. तसं म्हटल्याने घराघरांत भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

बाबांचं हृदय बंद पडलं होतं, वीस मिनिटांनी सुरू झालं. आज दुसरा दिवस. ते शुद्धीवर नाहीत. नातेवाईक विचारतात, ‘डॉक्टर स्पष्ट का सांगत नाहीत?’ मीही तेच विचारतो.

कारण आज स्पष्ट सांगणारा डॉक्टर चुकण्याची शक्यता फार मोठी आहे. हृदय थांबून मेंदूचा प्राणवायू तुटतो, तेव्हा निदान ७२ तास तरी थांबायचं असतं. त्याआधी मेंदूचा धक्का किती आणि औषधाची गुंगी किती हे वेगळं काढता येत नाही. मिडॅझोलॅमसारखं औषध मूत्रपिंड नीट चालत नसेल तर बंद केल्यावरही कित्येक दिवस रेंगाळतं. अंग गार ठेवलं असेल तर आणखी उशीर. रात्री विचारा, ‘गुंगीची औषधं कधी बंद केली? किडनी कशी आहे?’ उत्तर लिहून ठेवा.

७२ तासांनंतरही सांगितलेलं काहीच होत नसेल तर एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. २०२१ सालच्या युरोपियन मार्गदर्शक सूचना सांगतात की वाईट निकालाच्या निदान दोन खुणा जुळायला हव्यात. दोन्ही बाहुल्या आणि बुबुळं प्रतिसाद देत नाहीत, मनगटाला दिलेला विजेचा हलका धक्का दोन्ही बाजूंच्या मेंदूपर्यंत पोचत नाही, ईईजी फार बिघडलेला आहे, स्कॅनमध्ये सगळीकडे इजा आहे, अशा. एकच खूण असेल किंवा एकही नसेल तर पुन्हा थांबायचं आणि पुन्हा तपासायचं.

तुम्हाला खोटी आशा देणार नाही. प्राणवायू तुटून झालेली इजा अपघाताच्या मारापेक्षा जास्त कठीण असते. तिथे आम्ही महिनोन्महिने वाट बघू शकतो, तितकी इथे सहसा बघता येत नाही, आणि खुणा एकामागून एक जुळत गेल्या तर तुमचे डॉक्टर तुम्हाला जवळ बसवून ते सांगतील. पण लवकर सांगण्याचं एक भयंकर टोक आहे. ‘हे उठणार नाहीत’ म्हणून आधार काढला की माणूस जातो, आणि मग सगळे म्हणतात, बघा, डॉक्टर बरोबर होते. ते बरोबर होते की नाही हे कुणालाच कधी कळत नाही. म्हणून उद्या कुणी नातेवाईक रागावला तर त्याला सांगा, डॉक्टर टाळत नाहीत, मोजताहेत.

माझा मोठा भाऊ अठरा दिवस आयसीयूत आहे. भेटायला दहा मिनिटं मिळतात. आई त्याच्याशी बोलत राहते, काका म्हणतात, त्याला काही कळत नाही, उगीच त्याला त्रास. मी काय करू? मी एकोणीस वर्षांची आहे. दादाला लांबचं चष्म्याशिवाय दिसत नाही, एवढं सोडलं तर त्याला कधी काही झालं नव्हतं.

आईला बोलू दे. तिला कुणी थांबवू नका. आपलं नाव आणि ओळखीचा आवाज यांना जखमी मेंदू इतर आवाजांपेक्षा जास्त उत्तर देतो, हे अनेकदा दिसून आलं आहे.

फक्त आईच्या बोलण्यात मधे मधे गप्प बसायची जागा ठेव. तू घड्याळ बघ. आई ‘दादा, डोळे मीट’ म्हणाली की दहा सेकंद तिघांपैकी कुणीही काही बोलायचं नाही. तो डोळे असेही मिटत-उघडत असेल, म्हणून आधी मिनिटभर मोजून घे. एक छोटी वही कर. तारीख, वेळ, काय सांगितलं, काय केलं. ‘आज छान वाटला’ असं लिहू नकोस, ‘चार वाजून दहा मिनिटांनी तीनदा सांगितलं, दोनदा मिटले’ असं लिही. काही घडलं नाही तर तेही लिही. पाच दिवसांची वही डॉक्टरांना दाखव. मी त्यांच्या जागी असते तर अशी वही माझ्या पाच राउंडांपेक्षा जास्त लक्ष देऊन वाचली असती.

काकांचा राग करू नकोस. पण त्यांना सांग, ‘याला काही कळत नाही’ हे वाक्य खोलीबाहेर म्हणा. भान आहे की नाही हे ठरेपर्यंत खोलीत आपण तो ऐकतो आहे असंच वागायचं. माझ्या युनिटमध्ये आम्ही सगळे तसंच वागतो, फरशी पुसणाऱ्या मावशीसुद्धा नाव घेऊन सांगतात, ‘बाजूला सरकवतेय हं.’

आणि तू चष्म्याचं लिहिलंस ते सगळ्यांत कामाचं आहे. अठरा दिवस त्याच्या डोळ्यांवर तो नसेल तर दारात उभी असलेली आई त्याला धूसर दिसली असणार, आणि त्याने नजर वळवली नाही म्हणून फाइलवर काय लिहिलं गेलं असेल कोण जाणे. उद्या जाताना चष्मा पुसून घेऊन जा. नाकाजवळची नळी किंवा पट्टी हलणार नाही असा, सिस्टरना विचारून, त्यांच्याच हाताने डोळ्यांवर चढव. पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी वर करायला सांग. मग समोर ये, आरसा धर, आणि हाक मार.